जिनिंगपासून ठिबकपर्यंत: खानदेशातली शहरे कशी वाढली

2011च्या जनगणनेत देशातले सुमारे 31 टक्के लोक शहरांत राहत होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा मात्र याच शहरांतून येतो. हे घडते कसे, ते मुंबई-पुण्याच्या पसाऱ्यात नीट कळत नाही. जळगाव, अमळनेर, भुसावळ, धुळे इथे ते स्वच्छ दिसते, कारण शेत, बाजार समिती आणि कारखाना इथे एकमेकांना लागून आहेत. खानदेशचा दीडशे वर्षांचा अनुभव बघितला तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते: मालावरची पुढची प्रक्रिया ज्या शहराने आपल्याकडे ठेवली ते वाढले, माल नुसता पुढे रवाना करणारे शहर एका टप्प्यावर अडकले.

मोगलांच्या काळात खानदेश सुभ्याचे मुख्य शहर बऱ्हाणपूर होते. तिथले कापड सुरतेच्या बंदरातून परदेशी जाई. 1818मध्ये इंग्रजांचा अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि आखीव पेठा बसवल्या. पण खरी उलथापालथ केली ती रेल्वेने. 1860च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि तिथून एक फाटा खंडव्याकडे, दुसरा नागपूरकडे गेला. त्याच वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861-65) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत कापसाचे भाव भडकले. एरंडोल, पारोळा ही जुन्या पेठेची गावे रुळांपासून बाजूला राहिली. जळगावला स्टेशन होते, म्हणून व्यापारी तिकडे सरकले. 1906मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्यालय जळगावलाच आले.

स्टेशनाजवळ पहिल्यांदा उभे राहिले ते कापूस रेचणारे, म्हणजे रुई आणि सरकी (कापसाचे बी) वेगळी करणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस. एक क्विंटल कापूस रेचला की साधारण 34 किलो रुई आणि 62-63 किलो सरकी निघते, बाकीची घट. म्हणजे 170 किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. न रेचता माल मुंबईला पाठवला तर दोन तृतीयांश भाडे सरकीवर जाणार, आणि सैल कापूस डब्यात जागा खाणार ती वेगळी. त्यामुळे रेचणे आणि गाठ बांधणे शेताजवळच परवडते. सरकी गावातच राहिली की तिच्यापाठोपाठ तेलाची घाणी येते, तेल काढल्यावर उरणारी ढेप जनावरांना घालता येते म्हणून दुधाचा धंदा येतो, जिनचे रूळ आणि पट्टे दुरुस्त करणारा कारागीर येतो, हंगामात पैसा फिरवणारा अडत्या आणि बँक येते. कापसात ओल 8 टक्क्यांच्या वर गेली की रुई पिवळी पडते आणि भाव उतरतो, मग ओल जोखणारा जाणता माणूसही बाजारात लागतो. कारखाना एकच असला तरी त्याच्याभोवती असे दहा धंदे उभे राहतात. शहर अर्थव्यवस्थेला गती देते म्हणतात, त्यातला बराचसा भाग हाच आहे. 1870च्या दशकात जळगावात सूत-कापडाची गिरणी आली, पुढे अमळनेरला प्रताप मिल आली आणि रुईचाही पुढचा टप्पा इथेच होऊ लागला.

अमळनेरची पुढची पायरी सगळ्या देशाला माहीत आहे, पण तिची सुरुवात फार साधी होती. 1945च्या डिसेंबरमध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. शेंगदाणा आसपास पिकत होता, सुरत-जळगाव रेल्वे दाराशी होती. तेलापासून वनस्पती तूप, आणि त्याच धंद्यातल्या उपपदार्थापासून कपड्यांचा साबण. हीच कंपनी आजची विप्रो. तिची पुढची मोठी झेप मात्र बंगळूरला झाली, कारण संगणकाच्या धंद्याला लागणारे अभियंते अमळनेरात नव्हते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला आले ते 1990मध्ये.

जळगावने हा धडा वेगळ्या तऱ्हेने गिरवला. भवरलाल जैन यांनी 1978मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. त्यानंतर पीव्हीसी पाइप, मग ठिबक सिंचन, मग केळीची ऊतिसंवर्धित रोपे. रावेर-यावलच्या केळीबागा हेच या मालाचे पहिले गिऱ्हाईक. शहराने शेतमाल घेतला आणि बदल्यात शेताला अवजार दिले. प्लास्टिक हाताळणारे हात तयार झाल्यावर एमआयडीसीत चटईचे कारखाने वाढले, शेजारी डाळमिलही वाढल्या.

उलटा अनुभवही नोंदवायला हवा. 1972पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा. हेतू शेतकऱ्याला हमीचा भाव देण्याचा होता. पण जिनवाल्याला फक्त रेचाईची मजुरी मिळू लागली, रुई स्वच्छ निघाली काय नि कचऱ्यासकट निघाली काय, त्याला फरक पडेना. यंत्रे जुनीच राहिली. चुकारे, म्हणजे मालाचे पैसे लांबले की कापूस रातोरात सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला जाई. तिथले जिन वाढले ते आपल्या कापसावर.

भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र आहे. पगार येतात, बाजार चालतो, पण कच्चा माल भोवतालच्या तालुक्यांतून येत नाही, म्हणून या कारखान्यांभोवती लघुउद्योगांची साखळी तेवढी वाढली नाही. धुळ्यावर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग मिळतात. ट्रक थांबतात, गॅरेज आणि ढाबे चालतात, माल पुढे जातो. नंदुरबार जिल्ह्यात 2011मध्ये जेमतेम 17 टक्के लोक शहरांत होते. तिथली ओली लाल मिरची पथारीवर सुकते, साधारण चार क्विंटलची एक क्विंटल होते. सुकत घातलेली मिरची अवकाळी पावसात भिजली की काळी पडते. तिथे सौरवाळवणीची आणि भुकटीची सोय जितकी वाढेल तितका पैसा गावात राहील.

कारखाना आणायचा तर पाणी लागते, आणि आज घोडे तिथेच अडते. धुळ्याला तापीवरून लांबून पाणी उचलावे लागते. जलवाहिनी फुटली किंवा पंपाची वीज गेली की नळ आठ-आठ दिवस कोरडे. नळ सारखे कोरडे पडले की रिकाम्या वाहिनीत हवा शिरते, पाणी सोडताना दाब एकदम वाढतो आणि सांधे पुन्हा निखळतात. जुनी वाहिनी बदलायला पैसा हवा, आणि तो महापालिकेकडे नाही.

पूर्वी जकात होती. माल वाढला की उत्पन्न वाढे. नगरपालिकांची जकात 1999मध्ये गेली. महापालिकांत जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017मध्ये जीएसटी आल्यावर तोही संपला. आता 2016-17चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी 8 टक्के वाढीने राज्याकडून भरपाई मिळते. धुळ्यात किंवा जळगावात उद्या वीस कारखाने नवे आले तरी त्यामुळे हा आकडा वाढत नाही. महापालिकेच्या हाती उरते ती मालमत्ता कराची पावती.