खुलासा : जुन्या भट्टीत लोखंड ‘ओतलं’ जात नव्हतं

दिल्लीचा लोहस्तंभ साच्यात ओतलाय, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे. शुद्ध लोखंड वितळायला सुमारे 1538 अंश सेल्सिअस लागतात. लोणारी कोळशाच्या छोट्या मातीच्या भट्टीत साधारण 1200–1300 अंश मिळतात. तेवढ्यात वितळतं ते कीट, म्हणजे खनिजातला टाकाऊ भाग; लोखंड नाही.

मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या अगरियांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोखंड बनवणाऱ्या आदिवासींची, भट्टी पाहा. उंची जेमतेम मीटरभर. खाली मातीची नळी, तिला पायांनी दाबायच्या भात्यांची जोडी. आधी नुसता कोळसा पेटवून भट्टी तापवायची, मग वरून कोळसा आणि बारीक फोडलेलं खनिज आळीपाळीनं टाकायचं. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड घनरूपातच मोकळं होतं. पातळ कीट खालून वाहून जातं. काही तासांनी सांडशीनं बाहेर येतो तो सच्छिद्र, स्पंजासारखा गोळा. तो लाल असतानाच घणानं ठोकून आतलं उरलंसुरलं कीट पिळून काढायचं.

भाता मंदावला की कीट नळीच्या तोंडाशीच गोठतं आणि वारा बंद. उलट कोळसा नि वारा दोन्ही वाढले, तर लोखंड जास्त कार्बन शोषून वितळतंही, पण त्याचं बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड होतं. ते घणाखाली तडकतं, म्हणून लोहाराच्या दृष्टीनं तो बिघाडच!

पाचव्या शतकाच्या सुमाराचा, सात मीटरहून उंच नि सहा टनांहून जड स्तंभही अशाच घडीव लोखंडाचे तुकडे तापवून, ठोकून, एकमेकांत सांधून उभा राहिलाय.