वाकलं नाही म्हणून झाड पडलं? तसं नसतं हो

दर पावसाळ्यात कुठलंतरी झाड पडलेला फोटो फिरतो आणि खाली ठरलेलं वाक्य, महापुरे झाडे जाती तेथे लव्हाळे वाचती, म्हणजे बघा ताठ राहिलं ते मोडलं, वाकलं ते वाचलं. आता तुकोबांच्या त्या अभंगात मागणी लहानपणाची आहे, लवचिकपणाचा क्लास आपण नंतर त्याला चिकटवलाय.

आणि झाड ताठ असतं हे कुणी सांगितलं? वादळात मोठं झाडही चांगलंच डुलतं, फांद्या मागे झुकतात, पानं मिटतात, वाऱ्याचा जोर कमी होतो. पुरात झाड जातं ते बहुतेक वेळा मुळाखालची माती वाहून गेल्यामुळे. शहरात तर फूटपाथ आणि केबलसाठी मुळं आपणच तोडतो, बुंध्याभोवती काँक्रीट ओततो, मग पडलं की झाडाचाच अहंकार!

लव्हाळा वाचतो कारण एकतर तो बुटका, त्यात जमिनीखाली त्याच्या गाठी असतात. ज्याने शेतात निंदणी केलीय त्याला विचारा, वरचं गवत हातात येतं, गाठ खालीच राहते आणि काही दिवसांत पुन्हा हिरवं.

उलट उदाहरण पाहिजे तर सुपारी घ्या. सडपातळ, वाऱ्यावर झुलणारी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमध्ये सुपाऱ्या ढिगाने आडव्या झाल्या, कित्येक मधूनच मोडल्या. वाकण्यात काय त्या कमी पडल्या होत्या?