एफटीपी जोडणी तुटणे

एफटीपीने (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, संगणकांमध्ये फाइली पाठवण्याची पद्धत) फाइल चढवताना किंवा उतरवताना क्लायंट (आपल्याकडचा प्रोग्राम) आणि सर्व्हर यांच्यातला दुवा मध्येच निखळणे. खापर बहुधा इंटरनेटवर फुटते. मात्र लाईन ठणठणीत असतानाही हे घडते, आणि त्याचे मूळ एफटीपीच्या घडणीत आहे.

एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमवार मालिका) ११४, आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. आजही आधार मानला जाणारा आरएफसी ९५९ ऑक्टोबर १९८५ चा आहे. त्यानुसार एफटीपी दोन जोडण्यांवर चालते : आज्ञा आणि उत्तरे २१ क्रमांकाच्या पोर्टवरच्या (पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांकित दार) कंट्रोल जोडणीतून जातात, प्रत्यक्ष फाइल वेगळ्या डेटा जोडणीतून. त्या काळी वाटेत घरोघरचे राउटर आणि फायरवॉल नव्हते.

आता आहेत, आणि ते निपचित पडलेली जोडणी काही वेळाने विसरून जातात. मोठी फाइल तासभर चालली, की तेवढा वेळ कंट्रोल जोडणीवर चिटपाखरूही फिरकत नाही. राउटर तिची नोंद पुसतो. फाइल पूर्ण पोहोचते, पण ‘काम झाले’ सांगणारा सर्व्हरचा २२६ हा संदेश क्लायंटला मिळतच नाही. तो वाट पाहून थकतो, हस्तांतरण फसले असे ठरवतो आणि कधीकधी तीच फाइल पुन्हा पाठवू लागतो. बारक्या फाइली सुरळीत जातात, मोठी मात्र शंभर टक्क्यांवर येऊन अडकते, ही या दुखण्याची हमखास खूण. टीसीपीची (या जोडण्या ज्यावर उभ्या असतात त्या इंटरनेट पद्धतीची) ‘कीप-अलाइव्ह’ सोय, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे मधूनमधून तपासणे, यासाठीच असते, पण लिनक्सवर तिची पहिली चाचणी मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. राउटरची स्मरणशक्ती त्याहून तोकडी असेल तर उपयोग शून्य. हा अवधी काही मिनिटांवर आणावा लागतो.

लॉगिन होते पण फोल्डरची यादीच येत नाही, ही तक्रार निराळी. यादीही डेटा जोडणीतूनच येते. पॅसिव्ह पद्धतीत डेटा जोडणी क्लायंट उघडतो, आणि ती कुठे उघडायची यासाठी सर्व्हर सहा आकडे कळवतो : पहिले चार पत्त्याचे, शेवटचे दोन पोर्टचे. १९५ आणि ८० आले तर १९५ × २५६ + ८० = ५०,००० हे पोर्ट. पहिले आकडे १९२.१६८ असे असले आणि क्लायंट त्याच जाळ्यात नसला, तर सर्व्हरने आपला घरातला पत्ता बाहेर सांगितला असे समजावे. काही राउटर हा पत्ता परस्पर दुरुस्त करतात; टीएलएस (संभाषण कूटबद्ध करणारी सोय) लावल्यावर त्यांना संभाषण वाचता येत नाही आणि ती मदत संपते.

क्लायंटचा लॉग (घडामोडींची नोंद) आधी वाचावा. ४२१ म्हणजे सर्व्हरने सेवा बंद केली, बहुधा निष्क्रियतेमुळे (व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर मुळात ३०० सेकंद थांबतो). ४२५ म्हणजे डेटा जोडणी उघडलीच नाही, ४२६ म्हणजे उघडून तुटली. लॉग न पाहता नुसती टाइमआउटची मर्यादा वाढवत नेली, की चूक तीच राहते, फक्त उशिरा कळते.

तुटलेले हस्तांतरण ‘रेस्ट’ आज्ञेने पुढे चालू करता येते. ते बायनरी पद्धतीतच करावे. अ‍ॅस्की (मजकुरासाठीच्या) पद्धतीत ओळींच्या शेवटाची चिन्हे बदलतात, बाइटांची मोजणी चुकते आणि सांधा बिघडतो.

एसएफटीपी (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवण्याची वेगळी पद्धत) एकाच जोडणीवर चालते, त्यामुळे पोर्टचा घोळ उरत नाही. निष्क्रिय राहिल्यास तीही तुटते : ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरमधली, जोडणी जागी ठेवणारी ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ही सेटिंग मुळात शून्यावर, म्हणजे बंद असते.