खिडकी लोटून पेटवलेला गॅस

भाकरी तव्यावरून काढून थेट ज्योतीवर टाकली की टम्म फुगते. त्या वेळी पंखा बंद असतो आणि ओट्यासमोरची खिडकीही लोटलेली असते, कारण वाऱ्याने गॅस फडफडतो. माझ्या आईची हीच रीत होती, परवापर्यंत माझीही. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरायचे. गॅसचं तसं काही जाणवत नाही, म्हणून आपण त्याला स्वच्छ समजतो.

ज्योत निळी म्हणजे इंधन जवळजवळ पूर्ण जळतंय, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी आहे, एवढंच. पुढची भानगड हवेची. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्याचे रेणू तुटून ऑक्सिजनशी जोडले जातात आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाक-घशाच्या ओलाव्यात अडकून न राहता फुप्फुसात खोलवर उतरतो आणि श्वासनलिकांना सूज आणतो. दमा असलेल्या मुलांना त्याचा त्रास लवकर होतो. सिलिंडर असो की पाइपचा गॅस, हे टळत नाही.

अमेरिकेत यावरून मोठं वादळ उठलं. तिथल्या लहान मुलांच्या दम्यापैकी 12.7 टक्के दम्याचा संबंध गॅस शेगड्यांशी जोडणारा अभ्यास डिसेंबर 2022 मध्ये आला. हा आकडा नव्याने मुलं तपासून काढलेला नव्हता. आधीच्या अभ्यासांतली जोखीम आणि गॅस वापरणाऱ्या घरांचं प्रमाण यांवरून मांडलेलं ते गणित होतं. पुढच्याच महिन्यात ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे एक सदस्य रिचर्ड ट्रम्का ज्युनियर यांनी बंदीची शक्यताही नाकारली नाही आणि गहजब झाला. बंदीचा विचार नाही, असा खुलासा आयोगाच्या अध्यक्षांना करावा लागला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने 2019 मध्येच नव्या इमारतींना गॅसजोडणी नाकारली होती. तो नियम 2023 मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला.

मला वाटतं, सरकारने यात जरूर पडावं, पण शेगडी काढून घेण्यासाठी नव्हे. आपल्याकडे तर अनेक घरांत गॅस चुलीच्या जागी आला आहे आणि चुलीचा धूर कितीतरी पटींनी घातक. शिवाय इंडक्शनवरही मिरचीची फोडणी दिली की ठसका लागतोच. तेलाचे सूक्ष्म कण तिथेही उडतात. म्हणून नियम हवा तो हवेसाठी. भारतात बाहेरच्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइडची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना 25 सुचवते. घरातल्या हवेसाठी मात्र आपल्याकडे असं बंधनकारक मानक नाही, आणि बाई दिवसाचे तीन-चार तास उभी असते ती तिथेच.

हा नियम इमारतीच्या नकाशापासून सुरू व्हायला हवा. नळी बाहेर न काढलेली चिमणी तेलकटपणा गाळते आणि वायू परत खोलीतच सोडते. आमच्या इमारतीत एसीच्या पाइपसाठी भिंतीत भोक आधीच ठेवलं होतं. चिमणीच्या नळीसाठी मात्र गवंडी बोलवून ओट्यावरची फरशी फोडावी लागली. आता भाकरी भाजताना खिडकी अर्धी उघडी असते. ज्योत थोडी हलते, पण भाकरी फुगते.