पिल्लांना लवकर खाद्य देणं आणि आतड्याचं आरोग्य

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला पहिल्या काही तासांतच खाद्य आणि पाणी मिळावं, या पद्धतीला पोल्ट्रीत अर्ली फीडिंग म्हणतात. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी सोय), लिटर (जमिनीवर पसरलेला भुसा), स्टार्टर फीड (पिल्लांचं पहिलं खाद्य) याबद्दल सगळे बोलतात. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: पिल्लू किती वेळ उपाशी राहू शकतं आणि त्याला किती वेळ उपाशी ठेवावं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत पण बोलताना सर्रास एक होतात, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

कोंबडीची उबवणी २१ दिवसांची, पण एका मशीनमधली सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात २४ ते ३६ तासांचं, कधी जास्तही अंतर पडतं, मग निवड, लस, मोजणी, बॉक्स भरणं आणि गाडीचा प्रवास, त्यामुळे सगळ्यात आधी फुटलेल्या पिल्लाच्या चोचीत पहिला दाणा पडेपर्यंत ४८ तास सहज होतात, ७२ पर्यंतसुद्धा जातात.

हा उपास निभतो तो बलकामुळे (जुन्या पुस्तकांत पीतक). फुटायच्या एक-दोन दिवस आधी उरलेला बलक पिशवीसकट पोटात ओढला जातो, जन्मताना तो वजनाच्या साधारण १० ते २० टक्के असतो आणि चार-पाच दिवसांत बहुतेक संपतो. खुडूक कोंबडीखालची पहिली पिल्लंसुद्धा बाकीची फुटेपर्यंत याच शिदोरीवर थांबतात. युरोपीय संघाच्या २००५ च्या वाहतूक नियमातली सूटही बहुधा याच समजुतीवर उभी आहे: फुटल्यापासून ७२ तासांच्या आत संपणारा, २४ तासांपेक्षा कमी प्रवास असेल तर वाटेत खाद्यपाणी सक्तीचं नाही.

आता वादाचा मुद्दा. बलक दोन वाटांनी वापरला जातो, पिशवीच्या आवरणातून रक्तात आणि देठातून थेट आतड्यात (या देठाची खूण, मेकेलची अंधनलिका, मोठ्या कोंबडीच्या आतड्यावरही दिसते). १९९० च्या दशकात इस्रायलचे संशोधक नॉय आणि स्क्लान यांनी दाखवलं की खाल्लेल्या पिल्लात बलक उपाशी पिल्लापेक्षा लवकर संपतो, कारण आतड्याची हालचाल वाढते. पुढच्या काही प्रयोगांत मात्र असा फरक आढळला नाही. पिल्लाचं वय नेमकं कुठल्या क्षणापासून मोजलं यावर बरंच अवलंबून असावं, त्यामुळे 'खाद्य दिलं की बलक झटपट संपतो' हे जरा जपूनच म्हणावं. बलकात आईकडून आलेली प्रतिपिंडंही असतात, ती इंधन म्हणून खर्ची पडू नयेत हा मुद्दा त्यामानाने पटणारा आहे.

आतड्याबद्दल एवढा वाद नाही. पहिल्या आठवड्यात लहान आतडं बाकी शरीरापेक्षा वेगाने वाढतं, त्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांची (व्हिलाय) लांबी वाढते, आणि या वाढीला आतड्यात प्रत्यक्ष अन्न यावं लागतं, नुसता बलक पुरत नाही. २०१७ मध्ये बऱ्याच प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून केलेल्या अभ्यासात ४८ तास किंवा जास्त उपाशी राहिलेल्या पिल्लांचं वजन सहा आठवड्यांपर्यंत कमी आणि मरतूक जास्त दिसली. म्हणजे पिल्लू जगतं हे खरं, पण फुकट नाही.

जंतूंचं म्हणाल तर हॅचरीच्या (अंडी उबवण्याच्या केंद्रातल्या) पिल्लाला आई भेटतच नाही, तिच्या विष्ठेतून मिळणारे चांगले जिवाणूही नाहीत, मग ट्रे, बॉक्स, माणसाचे हात यांवर जे असेल ते आधी आतड्यात घर करतं. फिनलंडमध्ये ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) कळपांत साल्मोनेला हे रोगकारक जिवाणू पसरल्यानंतर तिथले संशोधक नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजला तर साल्मोनेलाला जागाच मिळत नाही. आजचे पोल्ट्रीतले बरेच प्रोबायोटिक याच कल्पनेचे वारस म्हणावे लागतील. अंड्यातलं पिल्लू पूर्ण जंतुमुक्त असतं का यावर अजून एकमत नाही, भ्रूणात जिवाणू सापडल्याचे दावे आहेत पण नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळल्याची शंका राहतेच.

याही पुढची पायरी म्हणजे अंड्यातच पोषक द्रव टोचणं, उनी आणि फर्केट या संशोधकांनी २००० नंतर ही पद्धत पुढे आणली. शेडमध्येच अंडी फुटू देणं किंवा हॅचरच्या (अंडी फुटतात त्या मशीनच्या) ट्रेमध्येच खाद्यपाणी ठेवणं हेही चालतं. टर्की आणि बदकांवर काम कमी, बहुतेक सगळं ब्रॉयलरवरच झालंय.

शेडवर तपासणी साधी आहे, गळ्याखालची अन्नाची पिशवी (क्रॉप) बोटांनी चाचपायची: पिल्लं शेडवर आल्यावर २४ तासांनी जवळजवळ सगळ्यांची ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे, कडक लागली तर दाणा सापडला पण पाणी नाही, आणि पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर उलट.