तुंबलेल्या सिंकमध्ये साचलेला कॉस्टिक सोडा

सिंक तुंबलं की आपण दुकानातून ड्रेन क्लीनरची पुडी आणतो. बहुतेक पावडरींमध्ये पांढरे दाणे असतात आणि त्यांत अधूनमधून राखाडी, चमकणारे कण दिसतात. पांढरे दाणे सोडियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे. चमकणारे कण अ‍ॅल्युमिनियमचे.

पाणी लागलं की सोडा विरघळतो आणि विरघळताना भरपूर उष्णता सोडतो. पाणी थोडं असेल तर ते उकळूसुद्धा लागतं. पाइपात थिजलेल्या तेला-तुपाचा या उष्णतेत साबण होतो, केसांमधलं केराटिन हे प्रथिन विरघळतं. अ‍ॅल्युमिनियमची सोड्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो, त्याचे बुडबुडे घाण ढवळतात. हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे, म्हणून शेजारी गॅसची शेगडी चालू असताना ही पावडर टाकूच नये. गरम पाणी ओतलं तर हे सगळं एकदम घडतं आणि खदखदणारं दाहक पाणी तोंडावर उडतं.

तुंबा सुटला तर सोडा पाण्याबरोबर वाहून जातो. मला जास्त काळजी वाटते ती तुंबा न सुटण्याची. आत प्लास्टिकचा तुकडा किंवा वाळू अडकली असेल तर सोड्याचं त्यापुढे काही चालत नाही. मग सिंकमध्ये जे पाणी साचून राहतं ते दिसायला साधंच दिसतं, पण असतं कॉस्टिक सोड्याचं द्रावण. त्यात कोणी हात घालतं, रबरी पंप मारतं किंवा प्लंबरला बोलावून काही न सांगता बाजूला उभं राहतं. काही जण वरून टॉयलेटचं अ‍ॅसिड ओततात. अ‍ॅसिड आणि सोडा एकत्र आले की पुन्हा प्रचंड उष्णता निर्माण होऊन पाणी उसळतं. सिंकमध्ये आधी ब्लीच गेलेलं असेल तर अ‍ॅसिडमुळे क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो.

सोड्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, कारण त्या क्षणी त्वचेतल्या स्निग्धाचाच साबण होत असतो. सौम्य द्रावण असेल तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. अ‍ॅसिडने भाजलं की गोठलेल्या प्रथिनांचा थर बनतो आणि तो अ‍ॅसिडला थोडंफार थोपवतो. सोडा मात्र पेशी विरघळवत आत शिरत जातो. डोळ्यात गेला तर पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, भेदून काही मिनिटांत आतपर्यंत पोचतो.

सगळ्यात वाईट हाल लहान मुलांचे होतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरोघरी हा सोडा असायचा आणि मुलं तो गिळायची. अन्ननलिकेला आतून व्रण पडून ती इतकी आकसायची की पाण्याचा घोटही उतरत नसे. फिलाडेल्फियाचे घशाचे डॉक्टर शेव्हॅलिए जॅक्सन अशा मुलांवर उपचार करत. नुसत्या उपचारांवर न थांबता त्यांनी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९२७ मध्ये अशा दाहक रसायनांच्या डब्यांवर ‘विष’ असं छापणं तिथे बंधनकारक झालं. आपल्याकडे उरलेली पुडी रबर लावून सिंकखाली ठेवली जाते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताशी. अर्धी पुडी उरवूच नये, आणि ड्रेन क्लीनर किंवा अ‍ॅसिड कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नये.

कोरडी पावडर अंगावर सांडली तर आधी झटकून काढा, मग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेली तर पापण्या उघड्या धरून लगेच धुवायला लागा आणि तसंच धूत डॉक्टरकडे जाण्याची तयारी करा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, त्याने उष्णता वाढते. कोणी गिळली असेल तर तोंड धुवा, पण उलटी करवू नका, कारण सोडा वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. तोंडात काही दिसलं नाही तरी आत इजा झालेली असू शकते, म्हणून पुडी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा.

खरं तर बहुतेक वेळा पावडरीची गरजच नसते. सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपला जोडलेला बाटलीसारखा भाग, हाताने फिरवून उघडता येतो. खाली बादली ठेवली की अडकलेला भात, केस, चिकट गाळ त्यात पडतो. नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या निचऱ्याची, जाळी काढूनही आतले केस तारेने ओढून काढता येतात. मात्र पावडर आधीच टाकलेली असेल तर ट्रॅप स्वतः उघडू नका. प्लंबरला बोलवा, आणि तो कामाला हात लावण्याआधी काय टाकलंय ते सांगून पुडी त्याला दाखवा.