आपला आयपी ब्लॉक आयएसपीकडून जाहीर करून घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

कंपनीच्या नावावर आयपी पत्ते मिळाले म्हणून ते लगेच इंटरनेटवर दिसत नाहीत. लाइन देणाऱ्या आयएसपीला ते बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना मार्ग सांगतात त्या पद्धतीवर) जाहीर करावे लागतात, आणि तो आधी कागद मागतो. कारण साधं आहे: फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचा एक /२४ (२५६ पत्त्यांचा ब्लॉक) स्वतःचा म्हणून जाहीर केला, तिला जोडणी देणाऱ्या वरच्या कंपनीने तो न गाळता पुढे सोडला आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडलं.

पात्रता: ब्लॉक किमान /२४, म्हणजे २५६ पत्ते, आयपीव्ही६ असेल तर /४८. त्याहून लहान तुकडा तुमच्या आयएसपीने घेतला तरी पुढचे आयएसपी गाळून टाकतात. दोन आयएसपी जोडायचे तर स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवर नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) घ्यावा. एकच असेल तर तो आयएसपी स्वतःच्या क्रमांकावरून जाहीर करू शकतो.

कागदपत्रं: लेटरहेडवर सही-शिक्क्यासह एलओए, म्हणजे ब्लॉक जाहीर करायला परवानगी देणारं पत्र. त्यात ब्लॉक, जाहीर करणारा एएस क्रमांक, आयएसपीचं नाव, मुदत. पत्रावरचं नाव इरिन किंवा एपनिक (आयपी पत्ते वाटणाऱ्या भारतातल्या आणि आशिया-पॅसिफिकच्या रजिस्ट्री) यांच्या नोंदीशी अक्षरशः जुळायला हवं. नोंद प्रायव्हेट लिमिटेडची आणि पत्र दुकानाच्या नावाचं, की अर्ज परत. पत्ते भाड्याचे असतील तर एलओए मूळ नोंदणीधारकाचा लागतो; दलालाचं पत्र चालत नाही.

एलओए माणूस वाचतो, राउटर नाही. राउटरसाठी रजिस्ट्रीच्या खात्यातून आरओए, म्हणजे कोणता एएस क्रमांक कोणता ब्लॉक जाहीर करू शकतो याची डिजिटल सहीची नोंद करावी लागते, आणि बरेच अर्ज इथेच अडकतात. समजा, /२२ चा आरओए केला, कमाल लांबी (ब्लॉकचा किती लहान तुकडा जाहीर करता येईल याची मर्यादा) २२ ठेवली आणि जाहीर केले त्यातले चार /२४. चारही अवैध ठरतात. म्हणून कमाल लांबी २४ करायची असं नाही. ती ढिली ठेवली तर न वापरलेला तुकडा दुसऱ्याला तुमचा क्रमांक लावून जाहीर करता येतो. जे खरोखर जाहीर करणार तेवढ्याचेच आरओए करा. एएस क्रमांक आयएसपीचा वापरणार असाल तर आरओएतही त्याचाच टाका.

क्रम: आधी आरओए, मग राउट ऑब्जेक्ट (कोणता ब्लॉक कोणत्या एएस क्रमांकावरून जाहीर होतो याची रजिस्ट्रीतली नोंद), मग एलओएसह अर्ज. राउट ऑब्जेक्टवरून फिल्टर बनवणारे आयएसपी तो बरेचदा दिवसातून एकदाच ओढतात, त्यामुळे नोंद केल्या केल्या फोन करून उपयोग नाही. चालू झाल्यावर दुसऱ्याच कंपनीच्या लुकिंग ग्लासवरून (तिच्या राउटरला दिसणारे मार्ग दाखवणाऱ्या पानावरून) मार्ग पाहा. स्वतःच्या आयएसपीच्या आत तो दिसणारच.

आयएसपी बदलताना नव्या क्रमांकाचा आरओए आधी जोडा. एका ब्लॉकला दोन चालतात. जुना काढायचा तो नवा मार्ग बाहेरून दिसल्यावरच.